यीस्टमधले प्रमोटर आणि जीन एक्सप्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेजमधे, मेलवर, परीक्षेच्या आदल्या रात्री, लॅबमधे काहीतरी अडलं की येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळे एकदाच एका जागी टाकतोय. यीस्ट म्हणजे इथे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पाव फुगवणारं आणि बिअर बनवणारं तेच बेकर्स यीस्ट. पिचिया वगैरे बाकीची यीस्ट मंडळी प्रश्न १४ मधे आहेत. सुरुवातीचे प्रश्न बीएस्सीवाल्यांचे, शेवटचे लॅबमधे हात घालणाऱ्यांचे, तेव्हा आपापल्या जागेपासून वाचा.

१. सर, प्रमोटर म्हणजे नक्की काय? तो जीनचाच भाग धरायचा की वेगळा?

जीनच्या आधी डीएनएचा जो तुकडा असतो, जिथे आरएनए पॉलिमरेज आणि त्याची सगळी टीम येऊन बसते आणि आरएनएची कॉपी कुठून, कधी आणि किती काढायची हे ठरतं, तो प्रमोटर. भाग धरायचा की नाही यावर पुस्तकापुस्तकात मतभेद आहेत, परीक्षेत 'जीनच्या अपस्ट्रीमचा रेग्युलेटरी भाग' लिहून मोकळे व्हा.

त्याहून महत्त्वाचं असं की प्रमोटर स्वतः काहीच करत नाही. सगळं काम त्याच्यावर येऊन बसणारी प्रोटीनं करतात, आणि कोण येऊन बसणार हे पेशी काय खातेय, उपाशी आहे का, तापलीय का, यावर ठरतं. म्हणून 'हा प्रमोटर किती स्ट्राँग' असं कुणी नुसतंच विचारलं तर माझा उलटा प्रश्न असतो, कुठल्या साखरेत आणि कुठल्या स्ट्रेनमधे, म्हणजे यीस्टच्या कुठल्या वाणात? खालची निम्मी उत्तरं शेवटी यावरच येतात.

एक अपवाद इथेच सांगतो. हे सगळं पॉलिमरेज टू वाचतं त्या जीन्सबद्दल, म्हणजे ज्यांच्यापासून प्रोटीन बनतं. टी-आरएनए बनवणारे जीन पॉलिमरेज थ्री वाचतं आणि त्यांचा प्रमोटर चक्क जीनच्या आत असतो, ए बॉक्स आणि बी बॉक्स नावाचे दोन तुकडे.

२. हे सगळं शिकायला यीस्टच का घेतात? माणसाचे जीन का नाही?

कारण यीस्ट आटोपशीर आहे. साधारण १ कोटी २० लाख बेस, १६ क्रोमोसोम, ६००० च्या आसपास जीन. १९९६ मधे पूर्ण जिनोम वाचून झालेला हा पहिला युकॅरियोट (पेशीत केंद्रक असलेला जीव). जीन एकमेकांना खेटून असल्यामुळे दोन जीनच्या मधे बरेचदा काही शे बेसच असतात आणि प्रमोटर तिथेच कुठेतरी सापडतो, माणसासारखं लाखभर बेस लांब जाऊन शोधत बसायला लागत नाही. वर डीएनए हवा तिथे बदलता येतो, होमोलोगस रिकॉम्बिनेशन, म्हणजे सारख्या सिक्वेन्सच्या तुकड्यांची अदलाबदल, यीस्टला इतकं छान जमतं की प्रमोटर कापून दुसरा लावणं हे आठवड्याभराचं काम आहे. आणि ट्रान्सक्रिप्शनची (डीएनएवरून आरएनए काढण्याची) मुख्य यंत्रणा माणसाशी बऱ्यापैकी जुळते. रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते यीस्टच्या पॉलिमरेज टू वरच्या कामासाठीच.

३. यीस्टच्या प्रमोटरमधे काय काय असतं? एकदा सगळे पार्ट सांगा ना.

एटीजी, म्हणजे प्रोटीनचं वाचन जिथून सुरू होतं ते तीन बेस, त्याच्या जवळून लांब जात सांगतो. आधी ट्रान्सक्रिप्शन सुरू होण्याची जागा, तिच्या आसपासचा भाग म्हणजे कोअर प्रमोटर, काहींमधे टाटा बॉक्स असतो (प्रश्न ४). त्याच्या मागे, साधारण १०० ते ४५० बेस लांब, यूएएस म्हणजे अपस्ट्रीम ॲक्टिव्हेटिंग सिक्वेन्स, इथे ॲक्टिव्हेटर प्रोटीनं बसतात. काही ठिकाणी यूआरएस, म्हणजे दाबून ठेवणाऱ्या प्रोटीनांच्या जागा. आणि पुस्तकात बरेचदा राहून जाणारी गोष्ट, या सगळ्याच्या मधे साधारण १५० बेसचा असा पट्टा असतो ज्याच्यावर न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळायचं प्रोटीनांचं रीळ, प्रश्न १०) नसतो किंवा फार सैल असतो. तिथे ए आणि टी च्या लांब रांगा असतात, न्यूक्लिओसोमला त्या आवडत नाहीत कारण असा डीएनए सहज वाकत नाही, शिवाय रेब१, एबीएफ१, रॅप१ अशी प्रोटीनं आणि आरएससी नावाचं रिमॉडेलर (न्यूक्लिओसोम सरकवणारं) मशीन मिळून ती जागा मोकळी ठेवतात.

प्रोटीनांचा क्रम साधारण असा. यूएएसवर ॲक्टिव्हेटर बसतो, तो सागा, मीडिएटर, टीएफटूडी या प्रोटीनांच्या मोठ्या गटांना बोलावतो, टीबीपी (टाटा-बाइंडिंग प्रोटीन) डीएनएवर बसून त्याला जोरदार वाकवतं, मग बाकीचे जनरल फॅक्टर आणि १२ सबयुनिटचं पॉलिमरेज टू. पाठ करायचं तर करा, पण प्रत्येक जीनला ही सगळी मंडळी याच क्रमाने येतात असं समजू नका.

४. टाटा बॉक्स नसेल तर जीन बंदच राहणार ना?

नाही! हा गैरसमज इतका पसरलाय की काय सांगू. यीस्टमधे नीट टाटा बॉक्स असलेले जीन साधारण २० टक्केच, म्हणजे बहुतेक जीन त्याच्याशिवायच मजेत चालतात. २००४ मधे पूर्ण जिनोमवर हा हिशोब झाला आणि टाटाची ओळख ठरली ती टी-ए-टी-ए, मग ए किंवा टी, मग ए, मग ए किंवा टी, मग ए किंवा जी.

त्यातला मजेशीर भाग म्हणजे कोणाकडे टाटा आहे. उष्णता, उपासमार, साखर बदलणं अशा ताणाला धावून येणारे जीन, जे एरवी गप्प असतात आणि गरज पडली की एकदम उसळतात, त्यांच्याकडे टाटा जास्त करून असतो. रोजची घरगुती कामं करणारे जीन, म्हणजे कायम मध्यम चालणारे, त्यांच्याकडे बहुतेक नसतो. तेव्हा असंही मांडलं गेलं की टाटावाले सागावर चालतात आणि बिनटाटावाले टीएफटूडीवर. ही विभागणी नोट्समधे अजून फिरते, पण २०१७ च्या आसपासच्या कामात दिसलं की जवळपास सगळ्याच जीन्सना दोघंही लागतात, कल तेवढा कमीजास्त. जुन्या नोट्स असतील तर तेवढं खोडा.

५. पुस्तकात टाटा बॉक्स -२५ ते -३० ला दिलाय, पण यीस्टच्या पेपरमधे -८०, -१०० असं काहीही असतं. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. पुस्तकातला आकडा माणूस, उंदीर, माशी यांचा. सेरेव्हिसीमधे टाटा बॉक्स आणि ट्रान्सक्रिप्शनची सुरुवात यांच्यात ४० ते १२० बेसचं अंतर असू शकतं, कारण इथे पॉलिमरेज बसल्याबसल्या सुरू होत नाही, ते डीएनए पुढे पुढे चाचपत जातं आणि पसंत पडेल त्या जागेपासून आरएनए काढतं. म्हणूनच एका जीनला बरेचदा एक नाही, अनेक सुरुवाती असतात. यावरून एक भानगड होते. सुरुवात पक्की नसल्यामुळे यीस्टवाले बरेचदा एटीजीच्या ए ला +१ धरून मागे मोजतात, आणि पुस्तकवाले ट्रान्सक्रिप्शनच्या सुरुवातीला. पेपर वाचताना आधी बघा +१ कशाला म्हटलंय, नाहीतर पन्नासेक बेसचा घोळ हमखास.

६. यूएएस म्हणजे एन्हान्सरच ना?

चुलतभाऊ म्हणा. एन्हान्सर म्हणजे माणसासारख्या जीवांमधे लांबून जीनचा जोर वाढवणारा डीएनएचा तुकडा. त्याच्यासारखाच यूएएस उलटा लावला तरी चालतो, थोडा पुढेमागे सरकवला तरी चालतो. १९८० च्या दशकात गॅलॅक्टोजवर चालणाऱ्या गॅल१० चा यूएएस उचलून सीवायसी१ या दुसऱ्या जीनच्या आधी लावला, आणि जो जीन एरवी गॅलॅक्टोजला विचारत नाही तो गॅलॅक्टोजवर चालू झाला, तिथून हा सगळा विषय उघडला. पण दोन मोठे फरक आहेत. एक म्हणजे यूएएस जीनच्या मागून, डाउनस्ट्रीमला लावला तर साधारणपणे चालत नाही, एन्हान्सर चालतो. दुसरा म्हणजे अंतर. माणसाचा एन्हान्सर लाखो बेसवरून काम करतो, यूएएस काही शे बेसच्या पलीकडे गेला की त्याचा जोर संपतो. ८०० बेस लांब ठेवलेला यूएएस नॉर्मल पेशीत काम करत नाही असं दाखवून झालंय, आणि गंमत म्हणजे काही म्युटंट पेशींमधे तोच लांबून काम करतो, म्हणजे अंतराची ही मर्यादा पेशीने स्वतःच घालून घेतलेली आहे. जीन इतके खेटून असताना शेजारचा चुकून चालू व्हायला नको, हे मला तरी पटतं.

७. गॅल सिस्टिम एकदा नीट समजावून सांगा, गॅल३, गॅल४, गॅल८० मधे दर वेळी गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. तर, गॅलॅक्टोज पचवायला लागणारे गॅल१, गॅल१०, गॅल७ हे जीन क्रोमोसोम दोनवर शेजारीशेजारी आहेत. गॅल१ आणि गॅल१० एकमेकांकडे पाठ करून बसलेत आणि त्यांच्या मधल्या जागेत गॅल४ या प्रोटीनला बसायच्या चार जागा आहेत. प्रत्येक जागा १७ बेसची, एका टोकाला सीजीजी, दुसऱ्या टोकाला सीसीजी, मधले ११ बेस बरेचसे कसेही.

गॅल४ हा ॲक्टिव्हेटर, ८८१ अमिनो ॲसिडचा. पुढच्या टोकाने तो डीएनए धरतो, मागच्या टोकाने बाकीच्या यंत्रणेला बोलावतो. गॅलॅक्टोज नसताना, समजा रॅफिनोज या दुसऱ्या साखरेत, गॅल४ डीएनएवर बसलेला असतोच, पण गॅल८० त्याच्या त्या मागच्या टोकाला झाकून टाकतो. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात ना, बैल उभा आहे पिकातच, पण तोंड घालता येत नाही, तसं. गॅलॅक्टोज आत आलं की गॅल३ ते ओळखतो, त्याला सोबत एटीपी लागतं, आणि मग गॅल३ गॅल८० ला पकडून ठेवतो, मुसकं सुटतं, गॅल४ सागा आणि मीडिएटरला बोलावतो आणि गॅल१ चं एक्सप्रेशन हजारपटीच्या घरात वाढतं. ॲक्टिव्हेटर आधीच येऊन बसलेला असल्यामुळे हे सगळं मिनिटांत सुरू होतं.

ग्लुकोज असेल तर मात्र वेगळाच कारभार. मिग१ नावाचं प्रोटीन केंद्रकात येतं, गॅल१ च्या प्रमोटरवर आणि खुद्द गॅल४ च्या जीनच्या प्रमोटरवरही बसतं, टप१ आणि सीवायसी८ यांना घेऊन येतं आणि दोन्ही दाबतं. म्हणजे गॅल४ कमी बनतो, आणि जो आहे त्याचंही चालत नाही. शिवाय ग्लुकोजमुळे गॅलॅक्टोज आत आणणारा गॅल२ हा ट्रान्सपोर्टरही कमी होतो. ग्लुकोज संपलं की एसएनएफ१ कायनेज मिग१ ला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर काढतं.

तेव्हा तीन अवस्था लक्षात ठेवा. ग्लुकोजमधे दाबलेला, रॅफिनोजमधे तयारीत पण बंद, गॅलॅक्टोजमधे चालू. 'ऑफ' दोन प्रकारचं आहे हे ज्याला कळलं त्याला गॅल कळलं. व्हायव्हात हमखास विचारतात की गॅल८० डिलीट केला तर? गॅलॅक्टोज नसतानाही चालू. गॅल४ डिलीट केला तर? काहीही घाला, बंद.

८. इंडक्शनच्या (गॅल चालू करायच्या) आधी रॅफिनोजमधे का वाढवायचं? थेट ग्लुकोजमधून गॅलॅक्टोजमधे टाकलं तर वेळ वाचेल ना?

उलटा जास्त जाईल. कारण वरच आलं, ग्लुकोजमधल्या पेशीत गॅल४ कमी, गॅल२ कमी, मिग१ जागेवर. हे सगळं निस्तरून इंडक्शन दिसायला तासन्‌तास जातात आणि वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या वेळी उठतात. म्हणून रात्रभर २ टक्के रॅफिनोजमधे वाढवायचं आणि सकाळी गॅलॅक्टोज २ टक्के होईल असं घालायचं, पेशी धुवायचीही गरज नाही. रॅफिनोज स्वस्त नाही हे मान्य. आणि एक, रात्रभराच्या कल्चरमधे ग्लुकोज थोडंसुद्धा उरलं तर मजा जाते, त्यामुळे ग्लुकोजच्या प्लेटवरून उचललेली कॉलनी आधी एकदा रॅफिनोजमधे फिरवून घ्या.

पूर्वी गॅलॅक्टोज खाल्लेल्या पेशी दुसऱ्यांदा लवकर चालू होतात हेही खरं आहे. पहिल्या वेळचं गॅल१ प्रोटीन पेशीत काही काळ टिकून राहतं आणि ते गॅल३ चंच काम थोडंफार करू शकतं. रिपीट घेताना सगळ्या बॅचचा पूर्वेतिहास सारखा ठेवा तो यासाठी.

९. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही असेल तर कोण जिंकतं?

पाठ्यपुस्तकी उत्तर ग्लुकोज, आणि २ टक्के विरुद्ध २ टक्के असेल तर ते बरोबरच आहे. पण मधल्या प्रमाणात यीस्ट दोन्ही साखरांचं गुणोत्तर बघतं असं २०१५ मधे दाखवलं गेलंय, नुसतं ग्लुकोज अमुक पातळीच्या खाली गेलं की चालू, इतकं सरळ ते नाही. त्यात स्ट्रेनप्रमाणे फरकही पडतो. मधल्या प्रमाणात काम करणार असाल तर आधी प्रश्न १३ वाचा.

१०. न्यूक्लिओसोमचा प्रमोटरशी काय संबंध? तो तर डीएनए गुंडाळायला असतो ना?

गुंडाळायला असतो, आणि गुंडाळलेला डीएनए सहज वाचता येत नाही, हाच संबंध. एका न्यूक्लिओसोमभोवती १४७ बेस. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पीएचओ५, गॅलपेक्षाही मला हे जास्त आवडतं.

पीएचओ५ जीनपासून ॲसिड फॉस्फटेज बनतं, फॉस्फेट कमी पडलं की ते पेशीबाहेर पाठवलं जातं आणि आसपासचं फॉस्फेट सोडवून आणतं. फॉस्फेट भरपूर असताना या प्रमोटरवर चार न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी बसलेले असतात, टाटा बॉक्स एकाच्या खाली, पीएचओ४ या ॲक्टिव्हेटरची एक जागा दुसऱ्याच्या खाली. पीएचओ४ ची दुसरी एक जागा मात्र दोन न्यूक्लिओसोमच्या मधल्या फटीत उघडी. आणि पीएचओ४ तरी कुठे? पीएचओ८०-पीएचओ८५ ही कायनेजची जोडी त्याला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर घालवते. फॉस्फेट संपलं की पीएचओ८१ त्या जोडीला थांबवतं, पीएचओ४ आत येतं, पीएचओ२ ला सोबत घेऊन आधी त्या उघड्या जागी बसतं, रिमॉडेलर बोलावतं, न्यूक्लिओसोम हटतात, मग झाकलेली जागा उघडते, टाटा उघडतो आणि जीन चालू.

यावर कुणी म्हणेल की न्यूक्लिओसोम हटणं हा नुसता परिणाम असेल, कारण नसेल. तर १९८८ मधे हिस्टोन एच४ चं, म्हणजे न्यूक्लिओसोम ज्यांचा बनतो त्यातल्या एका प्रोटीनचं, उत्पादनच थांबवून बघितलं गेलं. न्यूक्लिओसोम कमी पडले आणि फॉस्फेट भरपूर असतानाही पीएचओ५ चालू झाला. म्हणजे दाबून ठेवण्याचं काम न्यूक्लिओसोमच करत होते. इतका स्वच्छ प्रयोग आपल्या विषयात क्वचित बघायला मिळतो.

११. सगळ्यात स्ट्राँग प्रमोटर कुठला? प्रोजेक्टसाठी पाहिजे, लवकर सांगा.

लवकर उत्तर, ग्लुकोजमधे वाढवणार असाल तर टीडीएच३, ज्याला जुने लोक जीपीडी म्हणतात. त्याच्या खाली टीईएफ१, मग एडीएच१, आणि बऱ्याच खाली सीवायसी१. ही चौघांची मालिका १९९५ पासून रेडिमेड प्लास्मिडमधे (पेशीत टाकायच्या डीएनएच्या गोल तुकड्यात) मिळते आणि अजून लॅबोलॅबी फिरतेय.

आता सावकाश उत्तर. एडीएच१ पूर्ण लांबीचा असेल तर ग्लुकोज संपून पेशी इथेनॉलवर आल्या की त्याचा जोर उतरतो. एडीएच२ बरोबर उलटा, ग्लुकोजमधे गप्प आणि इथेनॉलवर चालू. एचएक्सटी७ ग्लुकोज कमी झालं की वर येतो. म्हणजे सकाळी मोजलेला 'स्ट्राँग' संध्याकाळच्या कल्चरमधे तसाच असेल असं नाही. मला विचाराल तर कायम चालू ठेवायचं असेल तेव्हा टीईएफ१ घ्या, टीडीएच३ इतका जोर नसेल पण स्वभावाने स्थिर आहे.

चालू-बंद हवं असेल तर गॅल१ सोडून बाकी पर्याय म्हणजे सीयूपी१, कॉपर सल्फेट घातलं की चालू, पण मीडियात थोडं तांबं असतंच त्यामुळे गळतो, म्हणजे बंद असतानाही थोडा चालतो. एमईटी१७, ज्याचं जुनं नाव एमईटी२५, मेथिओनिन काढलं की चालू, हाही थोडा गळतो आणि त्यात एक सापळा आहे, प्रश्न १६. डॉक्सिसायक्लिनवरचे टेट प्रमोटर चांगले, साखर बदलावी लागत नाही. आणि प्रोटीन विषारी असेल तर स्ट्राँगच्या मागे अजिबात लागू नका, गॅल१ चे मुद्दाम कमजोर केलेले गॅलएल आणि गॅलएस हे अवतार त्यासाठीच आहेत.

१२. प्रमोटर क्लोन करायला किती बेस घ्यायचे? आणि स्ट्राँग प्रमोटर लावूनसुद्धा प्रोटीन येत नाही, असं का?

दोन प्रश्न आहेत पण मेल बहुतेक एकच येतो म्हणून एकत्र. अंदाजच करायचा तर एटीजीच्या मागचे ५०० ते १००० बेस, किंवा शेजारचा जीन लागेपर्यंत, जे आधी येईल ते. बहुतेक वेळा पुरतं. एटीजीच्या अगदी लगतचा भाग कापू नका, तो ५ प्राइम यूटीआर (आरएनएत येतो पण प्रोटीनमधे नाही असा भाग) असतो, यीस्टमधे साधारण पन्नासेक बेसचा, आणि ट्रान्सलेशन, म्हणजे आरएनएवरून प्रोटीन बनणं, त्याच्यावर बरंच अवलंबून असतं. एटीजीच्या तीन बेस आधी ए असला तर उत्तम.

प्रोटीन येत नसेल तर आधी एमआरएनए बघा. तो भरपूर असेल तर प्रमोटरने आपलं काम केलंय, त्याला शिव्या देऊ नका. मग बघा की क्लोनिंग करताना मधे एखादा जास्तीचा एटीजी घुसलाय का, रायबोसोम तिथूनच सुरू करून भलतंच वाचत बसतो. यीस्ट स्वतः ही युक्ती वापरतं, जीसीएन४ च्या आधी असे चार छोटे रीडिंग फ्रेम मुद्दाम ठेवलेत. मग कोडॉन (अमिनो ॲसिड ठरवणारे तीन-तीन बेस), मग टर्मिनेटर (आरएनए जिथे संपतो तो तुकडा), कारण टर्मिनेटरमुळे एमआरएनए किती टिकतो ते बदलतं. आणि कॉपी नंबर. २ मायक्रॉन प्लास्मिडच्या पेशीत दहाच्या पटीत कॉपी, सेन प्लास्मिडच्या एकदोन, त्यामुळे दोन वेगळ्या प्लास्मिडमधले प्रमोटर तुलनेला घेऊ नका.

१३. प्रमोटरला चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन जोडलाय, पण एकाच फ्लास्कमधल्या काही पेशी हिरव्यागार चमकतात आणि काही अजिबात नाहीत. प्लास्मिड गेलं का?

गेलं असेलही, सिलेक्शन मीडियावर तपासा. जिनोममधे घुसवलेला जीन असूनही तसंच दिसत असेल तर हा प्रमोटरचाच स्वभाव. गॅलॅक्टोज मध्यम असलं की काही पेशी पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद असे दोन गट पडतात, कारण गॅल३ वाढला की गॅल चालू होतं आणि गॅल चालू झालं की गॅल३ अजून वाढतो, जो आधी सुटला तो पळाला. अशा वेळी फ्लास्कची सरासरी काढली तर 'अर्धं एक्सप्रेशन' असा आकडा येतो जो एकाही पेशीत खरा नसतो. एकेक पेशी मोजणारा फ्लो सायटोमीटर मिळत असेल तर वापरा, सगळ्यांचा मिळून एकच आकडा देणारा प्लेट रीडर इथे फसवतो.

त्याशिवाय साधा नॉइजही, म्हणजे पेशीपेशीत आपोआप पडणारा फरक, असतो. टाटावाले प्रमोटर जास्त नॉइजी, चालू झाले की भसाभस आरएनए काढतात आणि परत थांबतात. टाटा बिघडवला की सरासरी आणि नॉइज दोन्ही उतरतात.

१४. माणसाचा किंवा बॅक्टेरियाचा प्रमोटर यीस्टमधे चालेल का? आणि पिचियात सेरेव्हिसीचे?

बॅक्टेरियाचा नाही. टी७ (बॅक्टेरियात वापरतात तो विषाणूचा प्रमोटर) हवा असेल तर टी७ पॉलिमरेजही द्यावं लागतं. माणसाच्या पेशीत वापरतात त्या सीएमव्ही प्रमोटरवर यीस्टमधे भरवसा ठेवू नका, त्याला लागणारे ॲक्टिव्हेटर इथे नाहीत. उलटं मात्र झकास चालतं, गॅल४ आणि त्याचा यूएएस उचलून १९९३ मधे माशीत लावला गेला आणि आज माशीची कुठलीही लॅब त्याच्याशिवाय चालत नाही.

पिचियाचा स्वतःचा राजा म्हणजे एओएक्स१, मेथॅनॉल घातलं की चालू, ग्लुकोज आणि ग्लिसेरॉलमधे बंद, आणि चालू झाला की प्रोटीनचा पूर. हे नुसतं पुस्तकातलं नाही, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ची कॉर्बेव्हॅक्स ही कोविडची लस पिचियात बनवलेल्या प्रोटीनची आहे. पुण्याच्या सीरमची जीनव्हॅक-बी ही हिपॅटायटिस बी ची लस हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फामधे बनते, तेही मेथॅनॉलवर वाढू शकणारंच यीस्ट. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या दंडात यीस्टमधे बनलेलं प्रोटीन जाऊन आलंय.

१५. एक जीन डिलीट केला आणि शेजारच्याचं एक्सप्रेशन बदललं. असं होतं का?

होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. पाठ करून बसलेले दोन जीन मधली एकच जागा वाटून घेतात (गॅल१ आणि गॅल१० आठवा), त्यामुळे एकाचा प्रमोटर उडवताना दुसऱ्याचा यूएएस जाऊ शकतो. म्हणून डिलीशनचा फेनोटाइप (बाहेर दिसणारा परिणाम) दिसला की आधी तो जीन प्लास्मिडवरून परत द्या आणि फेनोटाइप जातो का बघा. जात नसेल तर शेजाऱ्यावर संशय घ्या.

याहून विचित्र प्रकार म्हणजे ट्रान्सक्रिप्शनमुळेच जीन बंद होणं. सेर३ हा सेरिन बनवणारा जीन. सेरिन भरपूर असलं की त्याच्या अलीकडे एसआरजी१ नावाचा आरएनए काढायला सुरुवात होते, त्याच्यापासून प्रोटीन वगैरे काही बनत नाही, पण पॉलिमरेज सेर३ च्या प्रमोटरवरून धावत जातं, मागे न्यूक्लिओसोम बसवत जातं आणि सेर३ ला उठताच येत नाही. २००४ चा शोध. आरएनए-सीक्वेन्सिंगमधे प्रमोटरवर रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) दिसले म्हणून जीन चालू असं लगेच लिहू नका, कधीकधी ते बरोबर उलट असतं. शिवाय प्रमोटर दोन्ही दिशांना आरएनए काढतात आणि उलट्या दिशेचा बराचसा लगेच नष्ट केला जातो, तोही डेटात डोकावतो.

१६. सगळं बरोबर केलं, सिक्वेन्सही तपासला, तरी गॅल१ प्रमोटर चालतच नाही. आता काय?

स्ट्रेनचा जीनोटाइप (कुठले जीन बदललेले किंवा काढलेले आहेत त्याची यादी) वाचा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. ज्याचा जिनोम पहिला वाचला गेला त्या एस२८८सी मधेच गॅल२ बिघडलेला आहे, गॅलॅक्टोज नीट आतच येत नाही. त्याच्याशी जवळपास सारखे एफवाय स्ट्रेन आहेत त्यांच्यात गॅल२ दुरुस्त केलेला आहे, तेव्हा 'एस२८८सी बॅकग्राउंड' एवढंच फ्रीजरच्या डबीवर लिहिलं असेल तर खात्री करून घ्या.

दुसरा सापळा टू-हायब्रिडच्या स्ट्रेनचा. दोन प्रोटीनं एकमेकांना धरतात का ते बघायची १९८९ ची ती पद्धत गॅल४ चे दोन तुकडे वेगळे करण्यावरच उभी आहे, त्यामुळे एएच१०९, पीजे६९-४ए असल्या स्ट्रेनमधून गॅल४ आणि गॅल८० दोन्ही मुद्दाम काढलेले असतात. लॅबमधे पडलाय म्हणून तोच स्ट्रेन उचलून त्यात गॅल१ प्रमोटरचं प्लास्मिड टाकलं तर गॅलॅक्टोजचा डबा रिकामा केला तरी काही होणार नाही.

आणि प्रश्न ११ मधला राहिलेला सापळा. बीवाय४७४१ या लॅबमधल्या नेहमीच्या स्ट्रेनमधे एमईटी१५ डिलीट आहे. एमईटी१५, एमईटी१७, एमईटी२५ ही तिन्ही एकाच जीनची नावं. म्हणजे या स्ट्रेनला मेथिओनिन द्यावंच लागतं आणि एमईटी१७ प्रमोटर चालू करायला मेथिओनिन काढावं लागतं. बीवाय४७४२ घ्या, त्यात एमईटी१५ शाबूत आहे, फक्त लायसिन द्यायला विसरू नका.